जुने आउटबोर्ड इंजिन घेताना

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांची वाट सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधून जाते. मच्छीमारांच्या मागणीनंतर २०२२ मध्ये त्यांच्यासाठी दोन खांबांमधील अंतर ६० वरून १२० मीटर करण्याचे ठरले. तरीही तेथेच इंजिन बंद पडले, तर होडी लाटांच्या हवाली होते. म्हणून जुने आउटबोर्ड इंजिन रंगावर भुलून घेऊ नये. रंग विकण्याच्या आदल्या दिवशीही देता येतो.

खालच्या गिअरपेटीतील थोडे तेल काढून पाहावे. ते दुधट दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठी तफावत असल्यास सौदा सोडलेला बरा. इंजिन चालू होताच मागील छिद्रातून पाण्याची धार यायलाच हवी. नसेल तर मिठाने वाट बुजलेली किंवा पंपाचे रबर झिजलेले असते. ही परीक्षा पाणी भरलेल्या पिंपात घ्यावी. कोरडे चालविल्यास ते रबर पाहता पाहता निकामी होते.

सुरू करताना टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू सैल करावा, नळीवरील रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चोक ओढावा. दोरी ताण लागेपर्यंत हळू आणि मग झटक्याने खेचावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन मात्र पाहू नये. दुसऱ्या दिवशी यावे आणि थंड इंजिन किती ओढींत सुरू होते ते मोजावे.