नागपूरची रीजन्सी आणि हरलेला नायक

इंग्लंडच्या राजवंशाच्या इतिहासात ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२० हा नऊ वर्षांचा काळ ‘रीजन्सी’ या नावाने ओळखला जातो. राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे राज्य चालवण्यास असमर्थ ठरल्यावर त्याच्या हयातीतच युवराजाच्या हाती कारभार सोपवण्यात आला, आणि राजाच्या नावाने राज्य चालवणाऱ्यास तेथे ‘रीजंट’ म्हणत असल्यामुळे त्याच्या पदावरून त्या काळालाच हे नाव पडले. मराठीत मुखत्यार किंवा कारभारी हे शब्द या पदाच्या बरेच जवळ जातात. या नऊ वर्षांतील उमराव घराण्यांची लग्ने, नृत्यसमारंभ, वारसाहक्काचे तंटे आणि बैठकीतील चतुर संभाषणे यांवर उभारलेल्या प्रेमकथेला ‘रीजन्सी रोमान्स’ म्हणतात. जेन ऑस्टिनने १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध केली तेव्हा ती आपल्या भोवतालचेच जग रंगवीत होती, म्हणून तिला या प्रकाराची जननी म्हणण्यापेक्षा पूर्वज म्हणणे अधिक योग्य होईल. मागे वळून त्या काळाकडे ऐतिहासिक कुतूहलाने पाहणारा प्रकार खऱ्या अर्थाने जॉर्जेट हेयर हिने १९३५ नंतर घडवला.

या प्रकारातील रूढ नायक उंच, श्रीमंत, काहीसा उर्मट, स्त्रियांच्या बाबतीत बदनाम आणि अखेरीस नायिकेच्या प्रेमाने निवळणारा असा असतो. हेयरने १९५३ च्या ‘कॉटिलियन’ या कादंबरीत हा साचा जाणीवपूर्वक मोडला. तिची नायिका किटी मनातून देखण्या आणि बेफिकीर जॅकवर लुब्ध आहे; लंडन पाहता यावे आणि जॅकला मत्सर वाटावा म्हणून ती फ्रेडी नावाच्या साध्या, पुस्तकी विद्येशी फारकत घेतलेल्या, मात्र पोशाखाची आणि रीतिरिवाजांची अचूक जाण असलेल्या नातलगाशी लटका वाङ्निश्चय करते, आणि एकामागून एक अडचणी येत जातात तसतसे तिच्या लक्षात येते की प्रत्येक प्रसंगी वेळेवर उभा राहणारा माणूस हा फ्रेडीच आहे. अशा कादंबरीविषयी वाचकांची मते दुभंगणे स्वाभाविक असते. एकाला वाटते की असा विश्वासू, समजूतदार पुरुष हाच खरा नायक होय, तर दुसऱ्याची तक्रार असते की नायकाकडे पाहून काळजाचा ठोका चुकला नाही तर ती प्रेमकथा कसली. हा वाद रुचीचा आहे, आणि पुस्तक मिटले की तोही मिटतो. मराठीत चाकोरीबाहेरच्या नायकाविषयीचा वाद मात्र पुस्तक मिटल्यावर सुरू होतो, आणि त्याचे कारण शोधावयाचे तर मराठी वाचकाच्या घडणीकडे वळावे लागते.

मराठी वाचकाची इंग्रजी रीजन्सीशी पहिली ओळख ऑस्टिनने करून दिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथा हिंदुस्थानात अतोनात वाचल्या गेल्या, आणि त्याच्या ‘मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन’ या प्रचंड मालिकेच्या आरंभीच्या भागांत पुढे रीजंट झालेला हाच युवराज एक विलासी, स्वार्थी खलपुरुष म्हणून वावरतो. हरि नारायण आपटे यांच्यासारख्या वास्तवनिष्ठ कादंबरीच्या प्रवर्तकाची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ हीदेखील रेनॉल्ड्सच्याच नमुन्यावर बेतलेली होती, यावरून त्या वाचनाची व्याप्ती कळावी.

त्याआधीच्या मराठी कादंबरीला ‘अद्भुतरम्य’ असे नाव आहे. मराठी समीक्षेत ‘रोमान्स’ या शब्दाचा अर्थ केवळ प्रेमकथा एवढाच नसून, जिच्यात राजपुत्र, राजकन्या, विरह, कपट आणि अखेरचे मीलन यांची रेलचेल असते अशी कल्पनारम्य कथा असाही होतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ही तिची ठळक उदाहरणे होत. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत दिलेली कैफियत महत्त्वाची आहे: विवाहाच्या आपल्याकडील चालीमुळे आणि इतर कारणांमुळे रोजच्या हिंदू जीवनात मनोवेधक असे काही घडत नाही, म्हणून रंजक लिहावयाचे तर अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या समाजात मुलामुलींची लग्ने बालपणीच ठरत, तेथे अनुनयाची कथा वर्तमानात घडणार कोठे, असा हा रास्त प्रश्न होता. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली कादंबरी आणि नाटक यांवरील आपल्या निबंधात या एकसाची नायक-नायिकांची झडती घेतली, आणि जाणत्या मराठी वाचकाने नायकाविषयी लेखी नोंदवलेल्या पहिल्या तक्रारींत तिची गणना करावी लागेल. नागपूरच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की या साऱ्या परंपरेचा साक्षेपी आढावा येथेच इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथात घेतला, इंग्रजी कादंबरीचा गाढ अभ्यास आणि मराठीची आस्था या दोहोंच्या बळावर लिहिलेला हा ग्रंथ आजही वाचावा असा आहे.

वर्तमानात प्रेमकथेला जागा नाही आणि निव्वळ कल्पनेतील राजपुत्रांचा कंटाळा आला, तेव्हा मराठी कादंबरी इतिहासाकडे वळली. तेथे तिला प्रेम, पराक्रम आणि कपट सारेच सापडले, परंतु त्याबरोबर एक अडचणही पदरी आली. हेयरचा नायक काल्पनिक असल्याने त्याच्या बाजूने वा विरुद्ध साक्ष देणारा कोणी नसतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा नायक मात्र शाळेच्या पुस्तकात, पोवाड्यांत, घराण्यांच्या आठवणींत आणि म्हणींत आधीच राहत असतो. वाचक कादंबरी उघडतो तेव्हा नायकाविषयीचे त्याचे मत पक्के झालेले असते.

रीजन्सीच्या त्याच नऊ वर्षांत मराठी मुलखात काय घडत होते हे पाहिले म्हणजे हे अधिक उमजते. १८११ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकर वारले. जुलै १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या लढाईला जेमतेम महिना लोटला असताना, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर त्याचा आळ आला. १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याच्या तुरुंगातून निसटले; पहाऱ्याबाहेर घोड्यांची देखभाल करणारा एक मराठा गडी गाण्यातून त्यांना सुटकेची खूण देत असे, अशी हकीकत बिशप हेबर यांनी नोंदवून ठेवली आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली आणि ३ जून १८१८ रोजी बाजीरावांनी इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन होऊन वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठच्या ब्रह्मावर्ताची वाट धरली. लंडनचा उमराव वर्ग नृत्यसमारंभात कोणाचा हात कोणी धरला यावर बोलत होता त्याच वर्षांत येथे एक राज्य संपत होते.

नागपुरात तर शब्दशः रीजन्सी होती, आणि नागपूरच्या वाचकाने ही गोष्ट विसरू नये. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघुजी भोसले मरण पावले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुर्बळ असल्याने पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी कारभारी म्हणून सूत्रे हाती घेतली आणि मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची पलटण आपल्या खर्चाने आपल्याच राज्यात ठेवण्याचे मान्य केले. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला, त्याचा ठपका आप्पासाहेबांवर आला आणि गादीही त्यांच्याचकडे आली. ज्या इंग्रजांच्या आधाराने कारभार मिळवला त्यांच्याशीच त्यांनी २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई दिली आणि ती गमावली. पुढे अल्पवयीन तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवून राणी बाकाबाई आणि रेसिडेंट जेंकिन्स यांच्या देखरेखीखाली राज्य चालले, ती दुसरी रीजन्सी. एका कर्तृत्वहीन राजाच्या नावाने राज्य चालवणारा महत्त्वाकांक्षी चुलतभाऊ, अंतःपुरातील विरोधक, संशयास्पद मृत्यू आणि उशिरा सुचलेले धाडस, एवढे सारे एकत्र आलेले कथानक कोणत्याही भाषेतील कादंबरीकाराला हेवा वाटावा असे आहे.

या काळाला कादंबरीत आणण्याचे मोठे काम नागनाथ संतराम इनामदार यांनी केले. १९६२ साली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली आणि थोरल्या माधवरावांच्या रूपाने मराठी वाचकाला हवा तसा नायक लाभला: तरुण, कर्तबगार, पत्नीनिष्ठ, अकाली मरण पावलेला आणि सर्वस्वी निष्कलंक. पुढच्याच वर्षी इनामदारांनी ‘झेप’ लिहिली आणि नायक म्हणून निवडले त्रिंबकजी डेंगळे यांना, ज्यांच्या नावावर खुनाचा आरोप होता. १९६६ च्या ‘झुंज’ मध्ये आले यशवंतराव होळकर, औरस नसलेले आणि एक डोळा गमावलेले. १९६९ च्या ‘मंत्रावेगळा’ मध्ये त्यांनी सर्वांत अवघड माणूस उचलला: दुसरा बाजीराव, ज्याला लोकांनी ‘पळपुटा’ हे विशेषण कायमचे चिकटवले आहे. तीन कादंबऱ्यांचे तीन नायक आणि तिघेही रीजन्सीच्या काळाला स्पर्श करणारे; हेयरने साच्याबाहेरचा नायक काढला तो विनोदासाठी, इनामदारांनी काढला तो फेरतपासणीसाठी.

अशा नायकाविषयी मराठी वाचकाची जी मते ऐकू येतात त्यांचे दोन प्रवाह ढोबळमानाने दिसतात. एका मताप्रमाणे पराभूताची बाजू मांडणे हे कादंबरीचे कर्तव्यच आहे, कारण विजेत्याच्या कागदपत्रांवर लिहिलेला इतिहास एकांगी राहतो, आणि माणूस आतून कसा कोसळतो हे दाखवण्याची सोय बखरीत नसते. दुसऱ्या मताप्रमाणे ललित लेखणीच्या बळावर दोषी व्यक्तीला निर्दोष ठरवणे ही वाचकाची फसवणूक होय. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह ज्याने केला त्याच्या मनाची तडफड कितीही हृद्य असली तरी तहाचे परिणाम बदलत नाहीत. दुसरा आक्षेप नुसता कर्मठ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. इतिहास आणि कादंबरी यांच्यातील सीमा पुसट करून वाचकाच्या हाती दिली तर तो कादंबरीलाच इतिहास समजतो, हे महाराष्ट्राने वारंवार अनुभवले आहे. तरीही या वादात पहिल्या मताचे पारडे जड ठरते, याचे कारण असे की दुसऱ्या बाजीरावाला समजून घेणे आणि त्याला माफ करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि चांगली कादंबरी पहिली घडवून आणते व दुसरी वाचकावर सोपवते. जो वाचक बाजीरावाला पळपुटा म्हणून थांबतो त्याला १८१८ का घडले याचे उत्तर एका माणसाच्या भित्रेपणात मिळाल्यासारखे वाटते, आणि सरदारांचे परस्परांतील वैर, कर्जबाजारी फौजा, कंपनीची पलटणी चालवण्याची पद्धत ही सारी कारणे त्याच्या नजरेआड होतात.

वाचकांची मते अचल नसतात याचा पुरावा संभाजी महाराजांच्या बाबतीत मिळतो. एके काळी नाटकांतून आणि बखरींतून त्यांची प्रतिमा व्यसनी आणि उच्छृंखल अशी रंगवली जात असे, वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने ती पालटली, १९७९ च्या शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने ती घराघरांत नेली, आणि चाकोरीबाहेरचा तो नायक आता चाकोरीचा केंद्रबिंदू झाला आहे. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी कागदपत्रे तपासली गेली, मग कादंबरी आली. इनामदारांच्याच, थोरल्या बाजीरावांवरील ‘राऊ’ या कादंबरीच्या आधारे २०१५ साली पडद्यावर आलेल्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटावरून उठलेला वाद याच्या उलट दिशेचा होता. तेथे पेशवा नाचेल का, काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, या प्रश्नांवर चर्चा अडकली आणि मस्तानीचे पुढे काय झाले, तिला घराने का स्वीकारले नाही, हा कादंबरीच्या गाभ्याचा प्रश्न बाजूला पडला.

या पार्श्वभूमीवर आप्पासाहेब भोसले यांचे चरित्र पुन्हा तपासले जाणे आवश्यक आहे, आणि ते काम विदर्भातील अभ्यासकांनी आणि कादंबरीकारांनी हाती घ्यावे. लढाई हरल्यावर कथा संपली असे नव्हे. एप्रिल १८१८ मध्ये त्यांच्या साहाय्याच्या आशेने चांद्याकडे निघालेल्या बाजीरावांचा पांढरकवड्याच्या परिसरात पराभव झाला. मे महिन्यात इंग्रजांचे कैदी म्हणून प्रयागकडे नेले जात असताना आप्पासाहेब शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंड राजांच्या आश्रयाने राहिले, तेथून पंजाबात रणजितसिंहांकडे गेले आणि शेवटी जोधपूरच्या महाराजा मानसिंहांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली करण्यास नकार देऊन आसरा दिला. परसोजींच्या खुनाचा डाग न पुसता, किंवा त्याचा निवाडा आधीच न करता, या माणसाची कथा लिहिणे ही खरी कसोटी आहे, आणि तशी कथा लिहिली गेली तर तिच्याविषयी नागपूरच्या वाचकांत मतभेद होणे हीच तिच्या यशाची खूण ठरेल.

रीजन्सीच्या लंडनमध्ये पोशाखाचा शेवटचा शब्द मानला गेलेला आणि असंख्य काल्पनिक नायकांचा मूळ नमुना ठरलेला ब्यू ब्रमेल कर्जापायी मे १८१६ मध्ये, म्हणजे आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला त्याच महिन्यात, फ्रान्सला पळून गेला आणि मार्च १८४० मध्ये तेथेच विपन्नावस्थेत वारला. आप्पासाहेब भोसले त्याच वर्षी, जुलै १८४० मध्ये, जोधपुरात वारले. नागपूर त्यांना पुन्हा दिसले नाही.