लिफ्टमधून तेल गळते? आधी जागा शोधा, मग पाना उचला

मुंबई-नाशिक रस्त्याच्या शहापूर, आसनगाव, आटगाव, खर्डी या पट्ट्यात गाड्यांच्या दुरुस्तीवर पोट असलेले आपले कारागीर बंधू आहेत. रस्त्यालगतची जागा परवडत नाही, म्हणून घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून काम करायचे, ही रीत भातसानगरसारख्या आतल्या वस्तीलाही सोयीची आहे. पूर्वी अशा शेडमध्ये एक खड्डा आणि दोन जॅक असत. आता दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट बसवता येते. लिफ्ट आली की आज ना उद्या तेलगळतीही येते. मग खाली पत्र्याचा डबा ठेवायचा, तो भरला की तेल परत टाकीत ओतायचे, असे महिनोन्महिने चालते. डब्यातल्या तेलाबरोबर धूळ-माती टाकीत जाते आणि गळती वाढतच राहते. शेड घराची असल्याने लिफ्टखाली पोरेबाळेही फिरत असतात. म्हणून हा विषय आम्ही जरा विस्ताराने घेत आहोत.

या तेलावर दाब किती असतो, ते आधी पाहू. चार टनी लिफ्टच्या प्रत्येक खांबावर दोन टन वजन येते. बऱ्याच लिफ्टमध्ये सिलिंडर जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट गाडी वर जाते. साखळीची रचनाच तशी असते, त्यामुळे सिलिंडरवर दोन नव्हे, चार टन भार पडतो. सिलिंडरचा आतला व्यास ६० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटीमीटर होते. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १४० किलोच्या वर दाब. गाडीच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन किलोची असते, त्यावरून कल्पना यावी.

एवढ्या दाबाने होजच्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही. काही तासांनी बोट सुजते, काळे पडते आणि ते कापण्याची पाळी येऊ शकते. तेव्हा गळती कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरावा, धार असेल तर पुठ्ठा भिजतो. चुकून बोटात तेल शिरलेच तर हळद लावून बसू नये. लगेच मोठ्या दवाखान्यात जाऊन ‘दाबाखालचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

काम काढण्यापूर्वी गाडी उतरवून बाजूला घ्यावी. रिकामी लिफ्ट लॉकवर बसवून वजन लॉकवर द्यावे, उतरण्याचा व्हॉल्व्ह दाबून पाइपातला दाब सोडावा आणि मेन स्विच बंद करावा. गळती असो वा नसो, नुसत्या तेलाच्या भरवशावर उभ्या गाडीखाली कोणी जाऊ नये. आणि गळकी लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत तिच्यावर गिऱ्हाइकाची गाडी चढवू नये. ती आपल्याकडे अमानत असते.

आता शोध. तेल टपकते एकीकडे आणि गळते दुसरीकडे, हा नेहमीचा चकवा आहे. खांब, पाइप, जोड सगळे फडक्याने पुसून कोरडे करावे, वरून टाल्कम पावडर मारावी आणि लिफ्ट दोन-चार वेळा वरखाली करावी. पावडर सर्वांत वर जिथे ओली होईल तिथे गळती आहे. बाहेर थेंबही नाही आणि तरी लिफ्ट खाली बसते, असेही होते. ते पाहायला जुम्याची वेळ चांगली. नमाजला जाताना रिकामी लिफ्ट लॉकला न टेकवता थोडी वर ठेवावी, खांबावर खडूची खूण करावी, मोटर बंद करावी आणि शेडला कुलूप लावावे. परत आल्यावर लिफ्ट खुणेखाली असेल आणि बाहेर तेल नसेल, तर बहुधा उतरण्याच्या किंवा एकमार्गी व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून लिफ्ट तीन-चार वेळा खाली सोडली की पुष्कळदा कचरा वाहून जातो. नाही गेला तर दाब सोडून व्हॉल्व्ह खोलून धुवावा. आतली लहान गोळी घरंगळून हरवणार नाही, एवढे पाहावे.

जोडातून गळत असेल तर आधी जोडाची जात ओळखावी. ज्या जोडात रबर चिकटवलेली पोलादी वॉशर असते तिथे ती वॉशरच तेल रोखते, निमुळत्या तोंडाच्या जोडात ते तोंड रोखते. आटे नुसते धरून ठेवण्यासाठी असतात. तेथे पांढरी टेप गुंडाळून उपयोग नाही, उलट तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. दोन पाने लावून, बेताने आवळावे. होज फुगली असेल किंवा तिला चिरा असतील तर एम-सील आणि ट्यूबच्या पट्ट्यांचा खटाटोप करू नये, नवी टाकावी.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो सिलिंडरच्या सीलवर. नवे सील टाकले, महिन्याने पुन्हा गळू लागले, मग दुकानदाराला दोष. आमचा अनुभव असा, की दहापैकी निम्म्या वेळी दोष सीलचा नसून दांड्याचा असतो. भातसा खोऱ्यातला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. चार महिने दमट हवेत उघड्या राहिलेल्या दांड्याला गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि ते नव्या सीलची धार किसून काढतात. दांड्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. धागे अडकले तर तिथे खड्डा आहे. किरकोळ असेल तर तेलाच्या दगडाने घासून निघतो, खोल असेल तर दांड्याला हार्ड क्रोम करून घ्यावे लागते. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा लिफ्ट खाली ठेवावी आणि उघड्या दांड्याला तेलाचा हात द्यावा.

सील आणायला आसनगावची लोकल धरून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जाणारे नुसते जुने सील खिशात टाकून नेतात. जुने सील फुगलेले असते, त्याचे माप खोटे निघते. दांडा, खाच आणि सिलिंडर यांचे व्हर्नियरने घेतलेले माप बरोबर न्यावे. बसवताना सीलची उघडी बाजू दाबाकडे हवी. स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नये, गुळगुळीत केलेली बांबूची काडी वापरावी.

दाब रोखणाऱ्या या चकत्यांची विद्या जुनी आहे. इ. स. १२०६ मध्ये ग्रंथ पूर्ण करणाऱ्या अल-जझरी यांनी आपल्या पंपाच्या दट्ट्यात तांब्याच्या दोन चकत्यांमध्ये तागाची दोरी भरली होती. आज दोरीच्या जागी नायट्रिल रबर आहे, आणि त्याचा मोठा शत्रू म्हणजे ब्रेक ऑइल. टाकीत तेल कमी दिसले की हाताशी असलेले ब्रेक ऑइल ओतणारे आहेत. त्याने सील फुगते, मऊ पडते आणि सगळ्या लिफ्टची सीले एकदम जातात. बनवणाऱ्याने सांगितलेले हायड्रॉलिक तेलच घालावे, साधारणपणे ते ३२ किंवा ४६ नंबरचे असते. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, सगळे बदलावे.

काम झाल्यावर लिफ्ट पूर्ण खाली असताना तेलाची पातळी पाहावी. रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा वरखाली करून हवा काढावी, मग गाडी चढवून फूटभरच उचलावी आणि पंधरा मिनिटे थांबून जोड पाहावेत.

काढलेले तेल शेडमागच्या नाल्यात जाऊ देऊ नये. नाला भातसा नदीला मिळतो, आणि त्याच नदीचे पाणी पुढे पिसे येथे उचलून मुंबईला पिण्यासाठी जाते. जमिनीवर सांडलेले तेल लाकडाच्या भुशाने टिपावे. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ते झाकणाच्या डब्यात साठवून नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.