स्थानिक उकल आणि समग्र उकल

क्ष² + य² = ३ या वर्तुळावर एकही परिमेय बिंदू नाही; म्हणजे ज्याचे दोन्ही निर्देशक अपूर्णांकांत मांडता येतील असा बिंदू नाही. छेद काढून टाकले की क्ष² + य² = ३झ² हे पूर्णांकांतील समीकरण उरते. या तीन संख्यांना सामाईक विभाजक नाही असे मानण्यास हरकत नसते. वर्गाला ३ ने भागले असता बाकी ० किंवा १ च राहते. म्हणून क्ष आणि य या दोहोंना ३ ने निःशेष भाग जातो, मग झ लाही जातो, आणि मूळ गृहीतकच ढासळते.

हा अडथळा ३ या एका मूळ संख्येपाशी दिसून आला, म्हणून तो ‘स्थानिक’. ही संज्ञा किंचित फसवी आहे. येथे स्थान म्हणजे एकेक मूळ संख्या, तिच्या सर्व घातांसह; त्यांखेरीज वास्तव संख्यांचे आणखी एक स्थान. कोणत्याच स्थानी अडथळा नसेल, तर परिमेय बिंदू असलाच पाहिजे काय? शांकवांबाबत, किंबहुना सर्व द्विघाती समीकरणांबाबत, मिन्कोव्स्की आणि हासे यांच्या नावांनी ओळखला जाणारा सिद्धान्त होकार देतो.

त्रिघाती समीकरणापाशी हा होकार संपतो. नॉर्वेजियन गणिती एर्न्स्ट सेल्मर यांनी १९५१ मध्ये ३क्ष³ + ४य³ + ५झ³ = ० हे उदाहरण पुढे ठेवले. क्ष, य, झ यांना १, १, ० या किंमती दिल्यास बेरीज ७ येते. क्ष च्या जागी २२ घेतल्यास ती ३१,९४८, म्हणजे ४९ × ६५२ होते. ७ च्या पुढील प्रत्येक घातासाठी अशीच सुधारणा करीत जाता येते. अन्य मूळ संख्याही असाच अनुकूल कौल देतात, वास्तव संख्यांचा तर प्रश्नच नाही. तरीही तिन्ही शून्य ही क्षुल्लक उकल वगळता या समीकरणाला परिमेय उकल नाही. ६ चे घनमूळ सामावून घेणाऱ्या विस्तृत संख्याक्षेत्रात शिरल्यावर हा अभाव सिद्ध करता येतो.

मग अडते कोठे? १९७० मध्ये यूरी मानिन यांनी दाखविले की, स्थाने परस्परांपासून सुटी नसतात. ब्राउअर गटाच्या साहाय्याने प्रत्येक स्थानी एक अंश मोजता येतो, आणि खऱ्या परिमेय बिंदूसाठी या अंशांची बेरीज शून्यच यावी लागते. सेल्मर यांच्या वक्रावर स्थानिक बिंदू कसेही निवडले, तरी ही अट एकत्रितपणे पुरी होत नाही.

असे वक्र म्हणजे विरळा अपवाद, ही समजूतही टिकली नाही. २०१४ मध्ये मंजुल भार्गव यांनी सिद्ध केले की, प्रतलीय त्रिघाती वक्रांपैकी शून्याहून मोठ्या प्रमाणात हे तत्त्व फसते. स्थानिक कसोटी मर्यादित श्रमांत उरकते, कारण मोजक्याच मूळ संख्या तपासाव्या लागतात. समग्र प्रश्नाचा निकाल प्रत्येक त्रिघाती वक्राबाबत निश्चितपणे लावील, अशी सिद्ध झालेली रीत मात्र अद्याप उपलब्ध नाही.