चकाकीखालचे काम

दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसाळी ओल ओसरते, लाकूड सुकते आणि घरोघरी रंगकामाचे बेत सुरू होतात. भिंतींचा रंग आपण हौसेने निवडतो. दारे, खिडक्या आणि चौकटी यांच्याकडे मात्र शेवटी लक्ष जाते. मग ‘एक हात मारून टाकू’ असे म्हणून जुन्या चकचकीत ऑइल पेंटवरच नवा रंग चढवला जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही असेच झाले. दिवाळीत आरशासारखे चमकणारे दार पुढच्या पावसाळ्यात कडीजवळ सोलवटले. नखाने ओढताच रंग सालीसारखा निघाला आणि खालचा जुना थर जसाच्या तसा चकाकत होता.

दोष नव्या रंगाचा नव्हता. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ऑइल पेंटचा थर कठीण व गुळगुळीत बनतो. त्यावर नव्या थराला धरून राहण्यास आधारच मिळत नाही. शिवाय कडीभोवती हातांचे तेल आणि स्वयंपाकघराच्या दारावर फोडणीची चिकटी असतेच.

दुसऱ्या खेपेस घरात रांगता नातू होता, म्हणून एका गोष्टीचा विचार आधी करावा लागला. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-हिरव्या छटांत, शिशाची संयुगे असू शकतात. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाची धूळ संशयास्पदच मानावी. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. असा रंग कोरडा घासू नये, ज्योतीने जाळू नये. मुले व गर्भवती स्त्रिया यांना कामापासून दूर ठेवावे, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरावे, एन-९५ मास्क लावावा. धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. रंगाचे पोपडे फार सुटले असतील, तर काम जाणत्या कारागिरावर सोपवावे.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने लाकूड पुसावे, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून वाळू द्यावे. सुटे पोपडे ओले करून खरवडावेत. त्यानंतर १८० किंवा २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. सगळा रंग काढायचा नाही. चमक जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागला की पुरे. उघड्या लाकडाला प्राइमर लावावा, खाचांत लांबी भरावी, ती वाळल्यावर घासून त्यावर पुन्हा प्राइमर द्यावा. शेवटी रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. दोन्हींमध्ये डब्यावर सांगितलेला अवधी जाऊ द्यावा आणि ३२० नंबरचा ओला पेपर हलकेच फिरवावा. जाड एकच हात ओघळतो आणि आतून ओला राहतो. बिजागऱ्या व झडपांच्या कडा रंगाने भरू नयेत. नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगले की दार अडते.

आमच्या त्या दाराला पाच दिवस लागले. त्यांपैकी कुंचला हाती होता तो जेमतेम दोन तास. त्यानंतर कित्येक पावसाळे गेले. कडीजवळचा रंग अजून शाबूत आहे, आणि तीच कडी आता नातू टाचा उंचावून स्वतः काढतो.