दुष्काळ हटला, कुपोषण उरले

१९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली आणि तगून राहिला. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत गावेच्या गावे ओस पडली होती. या वेळी पिके बुडाली, जनावरे गेली, पण माणसे तशी मेली नाहीत. लाखो मजुरांना दुष्काळी कामांवर मजुरी मिळाली, मजुरीतून धान्य घेता आले आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी दुष्काळनिवारणाचा नमुना म्हणून या अनुभवाचा अभ्यास केला. वीसच वर्षांनी, १९९२-९३ मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतून आणि मेळघाटातून बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. ज्या राज्याने दुष्काळ पेलला त्याला कुपोषण का पेलवले नाही? पन्नास वर्षांचा मागोवा घेतला की उत्तर बरेचसे स्पष्ट होते. दुष्काळात लागू पडलेली रीतच आपण कुपोषणावर चालवत राहिलो: काय कमी पडते ते ठरवायचे, ते पोत्यात भरायचे आणि गावात पोचवायचे. पुरावा मात्र पोत्याच्या पलीकडे बोट दाखवत होता. बाळ पोटात येण्याआधीपासून ते दोन वर्षांचे होईपर्यंत आईच्या ताटात काय पडते आणि बाळाला भरवायला तिच्या हाताला उसंत मिळते का, हा खरा प्रश्न होता.

कमी काय पडते, याबद्दलचे मत या काळात अनेकदा बदलले. १९६०च्या दशकात सगळ्या जगाला प्रथिनांच्या टंचाईने पछाडले होते. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटावर अहवाल काढला, आणि प्रथिनयुक्त पिठे व भुकट्या हा उपाय ठरला. या मताला जोरदार आव्हान देणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे हे मराठी संख्याशास्त्रज्ञ होते. डाळ आणि धान्य पोटभर मिळाले तर प्रथिने आपोआप मिळतात, खरी तूट एकूण अन्नाची आहे, असे त्यांचे म्हणणे. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने प्रथिनांची गरज खाली आणली आणि तो बुडबुडा फुटला. त्याआधी, १९७१ साली, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक धरून दारिद्र्यरेषा आखली होती. शरीर कमी उष्मांकांशी जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेखालचा प्रत्येक माणूस कुपोषित धरणे चूक आहे, असा आक्षेप सुखात्मे यांनी घेतला आणि पुण्यात दांडेकर-सुखात्मे वाद बराच रंगला. सुखात्मे स्वच्छ पाणी आणि जंतुसंसर्ग यांवरही भर देत. वादात तो मुद्दा मागे पडला. प्रथिने असोत की उष्मांक, मोजमाप एकाच आकड्यात मावावे ही ओढ कायम राहिली, कारण आकडा ठरला की पुरवठा ठरवता येतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातली धारावी होती आणि मेळघाटातली धारणी होती. म्हणजे मेळघाटातल्या मृत्यूंची चर्चा राज्यभर झाली तेव्हा तिथे अंगणवाडीला जवळपास दोन दशके होत आली होती. योजना कागदावरच राहिली, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. तिच्या रचनेतच एक फट होती. अंगणवाडीत येऊन खिचडी खाणारे मूल तीन ते सहा वर्षांचे असते, आणि भारतातल्या मुलांच्या वाढीची रेषा घसरते ती मुख्यतः तीनचार महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. सहा महिन्यांनंतर त्या वयाच्या बाळासाठी घरी पाकीट जाते. बाळाचे पोट वाटीभर अन्नात भरते. त्या वाटीत वरणाचे पाणी किंवा पातळ पेज असेल तर पोट भरते आणि अंगी काही लागत नाही. तिथे घट्ट वरण-भात, त्यावर तेलाचा चमचा, कुस्करलेले अंडे, शिजवलेली पालेभाजी लागते, तीही थोडी थोडी, दिवसातून चारपाच वेळा. ज्या घरातली आई सकाळी निंदणीला जाऊन दिवस मावळताना परतते आणि बाळ सातआठ वर्षांच्या बहिणीपाशी असते, तिथे हे चारपाच वेळा भरवायचे कोणी? शिवाय शिरा-उपम्याचे पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटले जाते किंवा चव आवडली नाही तर जनावरांपुढे जाते. वाटपाच्या नोंदवहीत मात्र ते बाळाच्या नावावर पडलेले असते.

महत्त्वाचा पुरावा पुण्याजवळच्याच सहा गावांतून आला. १९९३ पासून केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरोदर बायकांच्या आहाराची नोंद ठेवली. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास होते. आई एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने खाते, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात येते याच्याशी. ज्या बायकांवर शेतीचे आणि घरचे कष्ट जास्त, त्यांची बाळे लहान, हेही आढळले. सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. हडकुळी दिसणारी ही बाळे अंगातली चरबी मात्र राखून होती. पुढे मुंबईच्या वस्त्यांत पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ बायकांना रोज देऊन पाहिला, तेव्हा एकूण गटात बाळांचे वजन वाढले नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून ज्यांना तो मिळाला त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढले, आणि एकूण गटात गरोदरपणातला मधुमेहही कमी झाला. वजनाविषयीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. फायदा माफक आहे, पण वेळेचा धडा त्यात आहे: गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होणारी योजना उशिरा सुरू होते.

या मांडणीवर पहिला आक्षेप सरकारी आहे आणि तो विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात ऐकू येतो: बालमृत्यू कुपोषणाने झाले नाहीत, न्यूमोनियाने, हगवणीने, कमी दिवसांत जन्मल्याने झाले. नोंदवहीपुरते ते खरे असते. पण अपुरे पोषण आणि संसर्ग एकमेकांना कसे बळ देतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६८च्या ग्रंथातच मांडले गेले होते; वजन घटलेल्या मुलाला साधा न्यूमोनियाही नेतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी पाठवून नवजात बाळांचे मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले, आणि २००१च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने सरकारी आकडे मृत्यू कमी मोजतात हे दाखवून दिले. या कामातूनही निघणारा अर्थ पोत्याच्या विरुद्धच जातो. बाळ वाचवायला घरापर्यंत जाणारे शिकलेले माणूस लागते.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तापूर्ण आहे: भारतीय मुले वंशानेच लहान चणीची, परदेशी मापे त्यांना का लावायची? पण २००६ची जागतिक वाढमापे सहा देशांतल्या मुलांवरून ठरली आणि त्यांत दिल्लीतल्या सुस्थित घरांतली मुलेही होती. चांगले पोषण आणि आरोग्य मिळालेली ही मुले नॉर्वेतल्या मुलांसारखीच वाढली. महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. २००५ साली राज्यात बालकुपोषण हटवण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले आणि पुढे त्याने गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष एकवटले. २०१२च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर आले होते. सहासात वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक घट. श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही, त्या काळात उत्पन्न, रस्ते आणि दवाखान्यातली बाळंतपणेही वाढली. पण वंश सात वर्षांत बदलत नाही.

ही घट पुढे चालू राहिली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे राज्यातले प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि पुढच्या पाहणीत ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले १६.५ टक्क्यांवरून २५.६ टक्क्यांवर गेली आणि तिथेच थांबली. कोविडवर हे ढकलता येत नाही, कारण महाराष्ट्रातली ही पाहणी २०१९ मध्येच उरकली होती. नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची निघाली. गरिबी हटली की सारे सुटेल, हा तिसरा आक्षेप इथे अर्धाच टिकतो. पैसा लागतोच, देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात ४६ टक्के मुले खुरटलेली आहेत. पण सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यातही ती २३ टक्के आहेत. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी देशात ११.३ टक्के आणि महाराष्ट्रात दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. इतका तुटवडा केवळ उत्पन्नाचा असता तर सधन घरांत तो दिसला नसता.

पैसा आला तर तो कुठे जातो, हेही आता ठाऊक आहे. २०२२-२३च्या उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबांचा धान्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आत आला आणि पेये व तयार खाद्यपदार्थांवरचा सुमारे साडेनऊ टक्के झाला. रेशनवर गहू-तांदूळ, ताटातून ज्वारी-नाचणी मागे, आणि रडणाऱ्या मुलाच्या हातात पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा: पोट भरलेले, आहार निकृष्ट. जन्मतः हडकुळ्या पण चरबी राखणाऱ्या मुलांच्या पिढीवर हा आहार पडतो तेव्हा काय होते, ते देशातल्या दहा कोटींहून अधिक मधुमेहींकडे पाहून कळावे. कुपोषण आणि मधुमेह ही दोन खात्यांची दोन वेगळी कामे मानणे म्हणून परवडणारे नाही.

एकच घटक पुरवून प्रश्न सुटतो याचे उदाहरण म्हणून आयोडीनच्या मिठाकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. माती-पाण्यात आयोडीन नव्हते, मिठातून दिले, गलगंड घटला. पण रक्तक्षय तसा नाही. लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे, आणि तरी राज्यातल्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. त्यात लोहाबरोबर बी-१२ आहे, जंत आहेत, लवकर आणि पाठोपाठची बाळंतपणे आहेत. २०२१ मध्ये जाहीर झालेला पोषणयुक्त तांदूळ हा त्याच जुन्या ओढीचा नवा अवतार. तो निरुपयोगी असेल असे नाही. पण त्याने डाळीची, भाजीची, अंड्याची जागा भरून निघत नाही.

वेगळ्या वाटेचे प्रयोगही राज्याने केले आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे गरम जेवण मिळू लागले, अंडी किंवा केळी धरून. ताजे शिजते, समोर खाल्ले जाते, आईच्याच पोटात जाते. हे महाग आहे, असे म्हणणाऱ्यांनी पन्नास वर्षांच्या पाकिटांचा हिशेब मांडावा. २०१९ साली तर सर्वोच्च न्यायालयाने राज्यातली पाकिटांची कंत्राटे रद्द केली, कारण निविदेच्या अटींमुळे बचत गटच बाहेर पडत होते. तरीही आपण मागे जातो. शाळांत २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये मातेला किमान सहा हजार रुपये देऊ केले; २०१७च्या योजनेत ते पाच हजार झाले, तेही पहिल्याच बाळापुरते. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या आईची अंगणवाडी तर गावातच राहते. बाळंतिणीला बुडालेल्या मजुरीएवढा भत्ता, कामाच्या जागी पाळणाघर, मुलींच्या ताटात लग्नाआधीपासून दूध-भाजी-अंडी आणि घरोघरी जाणाऱ्या अंगणवाडी सेविकेला पुरेसे मानधन, यांवरचा खर्च पोत्यांच्या पावत्यांइतका सहज मोजता येत नाही. म्हणूनच अर्थसंकल्पात तो आधी कापला जातो, आणि कुपोषणाची पुढची पन्नास वर्षे बव्हंशी याच कपातीवर ठरतील.