मोटारींतील गारवा आणि काँप्रेसरचें दुखणें



नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख नागपूरकरांना करून देण्याची गरज नाहीं. २३ मे २०१३ रोजीं येथील पारा ४७.९ अंशांवर चढला होता. पूर्वीं अशा दिवसांत आपण वाळ्याचे पडदे लावून घरीं बसत असूं. आतां काचा मिटून मोटारींतून हिंडतों आणि गारव्याची सारी आशा एका लहानशा पंपावर ठेवतों. त्या पंपाचें नांव काँप्रेसर. तो बिघडल्यास काय करावें, हें मी बरीच किंमत मोजून शिकलों. तेंच आज सांगणार आहें.

वाळ्याच्या पडद्यावरील पाण्याची वाफ होतांना ती हवेंतील उष्णता घेऊन जाते व खोली गार होते. मोटारींतहि हाच नियम चालतो. फरक एवढाच, कीं पडद्यावरचें पाणी उडून जातें, म्हणून तें पुन्हां पुन्हां शिंपडावें लागतें. मोटारींत मात्र एकच द्रव बंद नळ्यांतून फिरत राहतो. आंतल्या जाळींत त्याची वाफ होऊन ती उष्णता शोषते. काँप्रेसर ती वाफ ओढून दाबतो. सायकलचा पंप मारतांना जसा तापतो, तशी तीहि तापते. मग मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या दुसऱ्या जाळींत बाहेरच्या हवेला उष्णता देऊन ती पुन्हां द्रवरूप होते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. हा वायु पेट्रोलप्रमाणें खर्च होत नाहीं. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षें किंचित् झिरपतो, तेवढाच. ‘गॅस संपला’ याचा अर्थ बहुधा कोठें तरी गळती आहे, असाच घ्यावा.

मीं तो तसा घेतला नाहीं. माझी मोटार २००६ सालची. ओळीनें तीन वर्षें एप्रिल महिन्यांत मीं तींत गॅस भरवून घेतला आणि स्वस्तांत काम झालें म्हणून समाधान मानलें. चौथ्या वर्षीं अमरावतीस जातांना कोंढाळीच्या अलीकडे पट्टा किंचाळला, जळका वास आला आणि काँप्रेसर जाम झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, “छत्तीस वर्षें मुलांना गळक्या हौदाचें गणित शिकविलेंत, आणि स्वतःचा हौद मात्र गळकाच ठेवलात!”

कारण असें, कीं काँप्रेसरला वंगण देणारें तेल त्या वायूबरोबरच फिरतें. वायु गळतो तेथून तेलहि पाझरतें. गॅस भरतांना तेलाची आठवण फारशी कोणास होत नाहीं. शेवटीं धातूवर धातु घासून यंत्र बसतें. पुढें एका कारखान्यांत नवा काँप्रेसर बसविला, तोहि पांच महिन्यांत गेला. जुन्याचा कीस नळ्यांत तसाच राहिला होता.

म्हणून आधीं रोग ओळखावा. गारव्याचें बटण दाबल्यावर इंजिनाजवळ ‘टक्’ असा आवाज होतो, तो क्लचचा. आवाज नसेल, तर फ्यूज, रिले, दाबाचा स्विच व क्लच हीं तपासल्यावांचून काँप्रेसर बदलूं नये. नाहीं तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! सांध्यांवर तेलकट धूळ दिसली, तर गळती तेथेंच असण्याचा संभव. काँप्रेसर बसलाच असेल, तर नळ्या धुवाव्या, ओलावा टिपणारी ड्रायरची बाटली व एक्स्पान्शन व्हाल्व्ह बदलावे, कीस अडकलेली पुढची जाळी साफ होत नसल्यास तीहि बदलावी. तेल मोटारीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें व मापाचें घालावें. नंतर निर्वात पंप निदान अर्धा तास चालवावा. कमी दाबांत ओलाव्याची वाफ होऊन तो निघून जातो. पंप बंद केल्यावर कांटा स्थिर राहिला, तरच गॅस वजन करून भरावा. हें काम घरीं करूं नये. सुटलेला वायु डोळ्यांना व कातडीला हिमदाह करतो.

आणखी एक. फार जुन्या मोटारींतील आर-१२ हा वायु ओझोनचा थर विरळ करीत असल्यामुळें १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें पुढें हद्दपार झाला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं. पण शंभर वर्षांच्या हिशेबानें तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० पट उष्णता अडवून धरतो. म्हणजे आपल्या गारव्याची गळती बाहेरच्या उन्हांतच भर घालते.

माझ्या मोटारीची गळती बुजविल्यास आतां चार उन्हाळे झाले. पुन्हां गॅस भरावा लागलेला नाहीं. मध्यंतरीं आम्ही अमरावतीस जाऊन आलों. कोंढाळी आली, तेव्हां दोघेंहि कान देऊन गप्प बसलों होतों.