कापूस, मँगनीज, तेंदूपान आणि पाटी

नागपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला संत्री आठवतात. आपल्या आजी-आजोबांच्या हातांना मात्र दुसऱ्याच वस्तूंची सवय होती : कापूस, मँगनीजचा दगड आणि तेंदूची पाने. या वस्तूंनी या परिसराला वैभव दिले. ते वैभव ज्यांच्या हातांतून गेले, त्यांच्या मुलांपर्यंत पाटी कशी पोहोचली, हे जाणल्याशिवाय निवासी शाळेचे प्रयोजन पुरते ध्यानात येत नाही. म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात मांडत आहोत.

विदर्भाची काळी माती कापसाला अनुकूल आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे रामटेकनजीक मनसर भागात मँगनीजच्या खाणी निघाल्या, तर आसपासच्या जंगलांतील तेंदूपानांवर कामठीसारख्या गावांत बिडीचा धंदा वाढला. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला जमीन नव्हती आणि मानही नव्हता, त्यांना येथे निदान रोख मजुरी मिळाली.

परंतु मजुरी आली म्हणून शाळा आली, असे झाले नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने केवळ सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली आणि १९२२ मध्ये बारावर. म्हणजे कायद्याने मुलाला हळूहळू गिरणीच्या दाराबाहेर आणले. शाळेच्या दारापर्यंत नेले नाही.

ते काम कष्टकऱ्यांतून पुढे आलेल्या माणसांनी केले. मोहपा येथे जन्मलेल्या किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे त्यांनी 'मजूर पत्रिका'ही चालवली. मजुरी आणि अक्षर हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. जाईबाई चौधरी यांनी आरंभी ओझी वाहून पोट भरले, शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा उघडली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा चालवल्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेने स्त्री कामगारांच्या हक्कांबरोबरच मुलींच्या शिक्षणाचा आणि वसतिगृहांचा आग्रह धरला. ज्या स्त्रियांना स्वतःला अक्षर मिळाले नव्हते, त्यांनी ते लेकींसाठी मागितले.

शाळेबरोबर वसतिगृहही का हवे होते? याचे उत्तर आपल्या परिसराच्या कामाच्या चक्रात आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू होते, उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. घरी असलेले मूल त्या दिवसांत एक तर आई-वडिलांबरोबर रानात जाते, नाही तर धाकट्या भावंडांना सांभाळते. पटावर नाव राहते, वर्गातली जागा रिकामी राहते. एका खोलीच्या घरात अभ्यासाला कोपराही मिळत नाही. वसतिगृह मुलाला निवारा, जेवण आणि अखंड वर्ष देते. गुणवत्ता नव्हे, तर हे अखंड वर्षच आपल्या मुलांना आजवर कमी पडत आले.

इतरत्र हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न झाला. आसामच्या चहामळ्यांतही शेकडो मैलांवरून आणलेले मजूर पिढ्यानपिढ्या राबले. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने तेथील सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय मालकावर सोपवण्याची तरतूद केली. ती आवश्यकच होती. पण मालकाच्या आवारातील शाळा बारा वर्षांपाशी थांबली, तर पुढचा रस्ता पुन्हा मळ्याकडेच वळतो. समाजाने उभारलेल्या शाळेची दृष्टी त्यापलीकडे जाऊ शकते. तिला उद्याचा मजूर नव्हे, उद्याचा नागरिक घडवायचा असतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि या दृष्टीला प्रज्ञेचे अधिष्ठान लाभले. प्रज्ञा कोणा एकाची मिरास नाही, ती सर्वांना साध्य आहे, हा विश्वास मनात धरूनच मूल आमच्या दारातून आत येते.

आज एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत नाही. कापसाचा आणि तेंदूपानांचा हंगाम मात्र दर वर्षी येतोच, आणि त्याबरोबर काही बाके रिकामी होतात. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, हंगामात मुलाला घरी बोलावू नका. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, आपले आजोबा कोणत्या खात्यात होते, आजी दिवसाला किती बिड्या वळत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. गिरणीची हजेरीपुस्तके नाहीशी होतील. आपल्या घरातील पहिली पाटी कोणाच्या घामातून आली, याची नोंद तरी आपल्यापाशी राहिली पाहिजे.